मुख आणि पाऊल

गोदावरीच्या काठी बावरी नावाचा एक ब्राह्मण आचार्य राहत होता. मूळचा तो कोसल देशातला. दक्षिणेत उतरून अस्सकांच्या मुलखात, अळकाजवळ, नदीकिनारी स्थिरावला. बुद्धाची वार्ता कानावर आली तेव्हा त्याने आपले सोळा शिष्य उत्तरेला धाडले. ते पतिट्ठानावरून, म्हणजे आपल्या पैठणवरून निघाले आणि माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा अशी गावे मागे टाकत मगधात पोचले. सुत्तनिपाताचा शेवटचा भाग, पारायणवग्ग, हा त्या प्रवासाचा आणि त्या सोळांनी विचारलेल्या प्रश्नांचा आहे. पाली वाङ्मयातला हा अगदी जुना थर मानला जातो.

सोळांतला शेवटचा पिंगिय. वयाने जख्ख; डोळ्यांना नीट दिसत नाही, कानांना धड ऐकू येत नाही. प्रश्नोत्तरे आटोपून तो बावरीकडे परत येतो आणि बुद्धाविषयी भरभरून बोलू लागतो. बावरी त्याला विचारतो की असा गुरू भेटल्यावर त्याला सोडून तू क्षणभर तरी लांब कसा राहतोस? पिंगियाचे म्हणणे असे, की मी लांब नाहीच. देह थकला, तो तिकडे जाऊ शकत नाही. पण डोळ्यांनी पाहावे तसे मी त्याला मनाने पाहतो, दिवसाही आणि रात्रीही, आणि वंदन करता करता रात्र सरते.

हा संवाद पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो. बौद्ध धम्मात ईश्वर नाही, मग सान्निध्य कुणाचे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो विचारणाऱ्याच्या मनात उत्तर ठरलेले असते: कुणाचेच नाही. पिंगिय मात्र गोदावरीकाठी बसून शेकडो कोसांवरच्या एका माणसाच्या सहवासात रात्र काढतो आहे. याला सान्निध्य म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? आणि म्हणायचे, तर बायबलातल्या मोशेला जळत्या झुडपाजवळ जे जाणवले तेच हे, की निराळे? गेली शंभर-सव्वाशे वर्षे धर्मांचे अभ्यासक या प्रश्नाशी झटत आहेत.

बायबलची बाजू आधी घेऊ, कारण या चर्चेची भाषाच तिथून आली आहे. जुन्या करारात 'समक्षता' या अर्थी जो हिब्रू शब्द येतो तो 'पानीम', म्हणजे मुख. परमेश्वराच्या समोर असणे म्हणजे त्याच्या मुखासमोर असणे. निवासमंडपात मेजावर नित्य मांडून ठेवायची ती मराठी बायबलातली 'समक्षतेची भाकर', तीही हिब्रूत शब्दशः मुखाची भाकर आहे. पंढरपूरला मुखदर्शनाची रांग वेगळी आणि पदस्पर्शाची वेगळी, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. म्हणून या शब्दाचे मोल त्याला चटकन कळेल. निर्गमाच्या तेहतिसाव्या अध्यायात मोशे परमेश्वराचे तेज पाहायला मागतो, आणि नेमके मुखदर्शन त्याला नाकारले जाते. त्याला खडकाच्या कपारीत उभे केले जाते, समोरून तेज जाईपर्यंत त्याच्यावर हात धरला जातो, आणि पुढे गेलेल्याची पाठ तेवढी दिसते. इतक्या जवळचा हा मोशे. पण मुख त्यालाही नाही.

तेजासाठी जो शब्द आहे, 'काबोद', त्याच्या मुळाशी जडपणा आहे, भार आहे. आपण एखाद्याच्या शब्दाला वजन आहे म्हणतो, तसे. शलमोनाने मंदिर बांधून पुरे केले तेव्हा ढगाने ते असे भरून गेले की याजकांना आत उभे राहता येईना. उजेडाने दिपावे असा हा प्रसंग नाही, भाराने माणूस मागे सरावा असा आहे. त्याच वेळी शलमोन प्रार्थनेत कबूल करतो की ज्याला आकाशही पुरत नाही तो या घरात कसा मावेल. हा ताण बायबलमध्ये शेवटपर्यंत राहतो: तो इथे आहे, आणि तो इथे मावत नाही.

शिवाय तो स्वतःच्या मर्जीने येतो. याकोब दगड उशाला घेऊन उघड्यावर झोपतो, स्वप्न पडते, आणि जागा झाल्यावर त्याला धास्ती वाटते की इथे परमेश्वर होता आणि मला पत्ताच नव्हता. यहेज्केलाला दर्शन होते ते यरुशलेमेत नव्हे, बाबेलच्या मुलखात, खबार नदीकाठी, विस्थापितांच्या वस्तीत. इसवी सनापूर्वी ५९३ च्या सुमाराची ही गोष्ट. पुढे तोच यहेज्केल पाहतो की तेज मंदिराच्या उंबऱ्यावर येते, थबकते, आणि निघून जाते. इ.स.पू. ५८७-८६ मध्ये मंदिर पडले. यहेज्केलाच्या लेखी ते आधीच रिकामे झालेले होते.

या सगळ्याला एका नावाखाली आणण्याचा मोठा प्रयत्न केला रुडॉल्फ ओट्टो या जर्मन अभ्यासकाने. १९११ साली तो मोरोक्कोतल्या मोगादोर गावी होता. तिथल्या साध्या, अंधाऱ्या सभास्थानात यशयाचा तीनदा 'पवित्र' असा घोष त्याने ऐकला आणि तो अंतर्बाह्य हादरला. त्याच प्रवासात तो भारत आणि जपान पाहून गेला. १९१७ साली त्याचे 'दास हायलिगे' हे पुस्तक आले. पवित्र म्हणजे नैतिकदृष्ट्या चांगले एवढेच नव्हे. ज्याच्यासमोर माणूस थरथरतो आणि तरीही ओढला जातो असे काहीतरी, त्याला ओट्टोने 'न्युमिनस' हा शब्द घडवला.

ओट्टोचे माप यशयाला आणि मोशेला अंगाबरोबर बसते, कारण ते त्यांच्यावरूनच बेतलेले आहे. पिंगियाला ते बसत नाही. पिंगिय थरथरत नाही. विसुद्धिमग्गात बुद्धघोषाने बुद्धानुस्सतीचे फळ सांगितले आहे: बुद्धाचे गुण आठवत राहणाऱ्याला आपण शास्त्याच्या सहवासातच राहतो आहोत असे वाटू लागते, आणि वाईट कृत्याच्या कडेला आला तर तो समोर असल्यासारखी लाज वाटून माणूस मागे सरतो. घरातले वडीलधारे माणूस ओसरीवर बसलेले असावे, तशी ही लाज आहे. आदर आहे, धाक आहे, पण ढगाने कोंदलेल्या मंदिरातला तो भार नाही. निनियन स्मार्टने १९५८ च्या 'रीझन्स अँड फेथ्स' या ग्रंथात हा फरक नीट मांडला. समोर कुणीतरी आहे आणि मी त्याच्यापुढे लहान आहे, हा एक अनुभव. आत वळत वळत द्वैत निवत जाते, हा दुसरा. थेरवाद दुसऱ्या प्रकारचा, असे त्याचे म्हणणे.

स्मार्टची मांडणी ओट्टोपेक्षा मला जास्त पटते, तरी तीही पिंगियाला अर्धाच न्याय देते. पिंगियासमोर कुणीतरी आहे. तो नुसता आत वळलेला नाही.

यानंतरचा वाद जास्त धारदार आहे. डी. टी. सुझुकींनी १९५७ साली ख्रिस्ती गूढवादी माइस्टर एकहार्ट आणि झेन यांना शेजारी बसवले आणि दोघे एकच बोलतात असे सुचवले. सगळ्या धर्मांचा गाभा एकच, भाषा तेवढी वेगळी, हे सूत्र तेव्हा जगभर लोकप्रिय होते. आपल्याकडे तर ते आजही व्याख्यानाच्या शेवटी हमखास येते. १९७८ मध्ये स्टीव्हन कॅट्झ यांनी त्याला सरळ विरोध केला. आधी कोरा अनुभव येतो आणि मग त्यावर धर्माचे लेबल लागते, असे घडतच नाही. ज्यू साधक ज्या शिकवणुकीत वाढतो तिच्यामुळे त्याला ईश्वराला बिलगण्याचा अनुभव येतो, त्याच्यात विरून जाण्याचा नाही, आणि बौद्ध साधकाला तर बिलगायला कुणी नसतेच. रॉबर्ट शार्फ यांनी १९९५ साली आणखी एक पाऊल टाकले: ध्यानाचे जुने ग्रंथ आपण साधकांची रोजनिशी समजून वाचतो, पण अनुभवालाच धर्माचा पाया मानण्याची ही सवय आधुनिक काळातली आहे.

शार्फ यांचा इशारा मोलाचा आहे. मात्र तो ताणला तर हातात काहीच उरत नाही. पिंगियाचे बोलणे ही रोजनिशी नसेल. पण ते कुणीतरी रचले, कुणीतरी पाठ केले, आणि शेकडो वर्षे भिक्षूंनी म्हटले. त्या माणसांना त्यात काहीतरी ओळखीचे सापडत असणार.

म्हणून ग्रंथ थोडे बाजूला ठेवून दगडाकडे जाऊ. कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरेच्या दर्शनाची रांग असते, आणि तिच्या अगदी कुशीत चैत्यगृहाचे प्रचंड दार. आत खांबांच्या दोन ओळी, वर दोन हजार वर्षांच्या लाकडी कमानी, आणि टोकाला स्तूप. स्तूपावर लाकडी छत्री आजही आहे. त्यावर बुद्धाचा चेहरा मात्र नाही. साऱ्या गुहेची रचना नजरेला त्या घुमटाशी नेते, आणि तिथे पाहण्यासारखे काही नाही. सांचीच्या तोरणांवरही असेच: रिकामे आसन, बोधिवृक्ष, चक्र, स्वार नसलेल्या घोड्यावर धरलेले छत्र, आणि पावले. तथागत या शब्दाचा एक अर्थ 'तसा गेलेला'. गेलेल्याचे उरते ते पाऊल. हे बुद्धाला जाणूनबुजून न दाखवणे आहे, की त्याच्या पवित्र स्थळांच्या पूजेचीच ही दृश्ये आहेत, यावर सुसान हंटिंग्टन यांनी १९९० मध्ये मोठा वाद उभा केला. तो वाद मिटलेला नाही. पण रिकाम्या आसनासमोर हात जोडलेली माणसे त्या शिल्पात आहेत, आणि ती हवेला हात जोडत नसणार.

ग्रेगरी शोपेन या अभ्यासकाने १९८७ साली एक साधी गोष्ट दाखवून दिली. मोठ्या स्तूपांभोवती लहान लहान स्तूपांची दाटी असते. त्यांत भिक्षूंची आणि उपासकांची रक्षा असते. युरोपात ख्रिस्ती माणसे हुतात्म्यांच्या कबरीजवळ आपल्याला पुरले जावे म्हणून धडपडत, त्याचेच हे भावंड. स्मारकाजवळ कुणी एवढी दाटी करत नाही, माणसाजवळ करते. भाज्याला जाऊन पाहा: चौदा स्तूप एकमेकांना खेटून उभे आहेत, काहींवर थेरांची नावे कोरलेली. शोपेन म्हणतो की जुन्या शिलालेखांत बुद्धाला त्या जागी राहणारी आणि मालमत्ता धारण करू शकणारी व्यक्ती मानलेले दिसते. अजिंठ्यात तर विहारांच्या मागच्या भिंतीत बुद्धाची स्वतःची खोली आहे. सतराव्या लेण्याच्या लेखात 'गंधकुटी' हा शब्द येतो. तो बुद्धाच्या निवासाचा शब्द. भिक्षूंच्या खोल्यांच्या रांगेत एक खोली त्याची.

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातून सव्विसाव्यात गेलात तर हा सारा इतिहास पायांनी चालता येतो. दहाव्यात, ख्रिस्तपूर्व काळातल्या, साधा स्तूप. पाचव्या शतकाच्या अखेरच्या सव्विसाव्यात स्तूपाच्या पोटातूनच बुद्ध बाहेर येऊन पाय खाली सोडून बसला आहे, आणि डाव्या भिंतीशी सुमारे सात मीटर लांबीची महापरिनिर्वाणाची मूर्ती: उजव्या कुशीवर, हात गालाखाली, खाली आक्रोश करणारे शिष्य. एकाच गुहेत तो बसलेलाही आहे आणि गेलेलाही. ज्यांनी हे कोरले त्यांना यात विसंगती वाटली नाही.

विसंगती मिलिंद राजाला मात्र वाटली होती. मिलिंदपञ्हात तो नागसेनाला पेचात पकडतो: बुद्ध पूजा स्वीकारत असेल तर तो पुरता निवाला नाही, स्वीकारत नसेल तर पूजा वांझ आहे. नागसेन आगीचा दाखला देतो. मोठा वणवा पेटून विझून गेला, आता त्याला गवत-लाकडाची अपेक्षा नाही. म्हणून जगातून विस्तव संपला का? नाही, माणसे लाकडावर लाकूड घासून, स्वतःच्या मेहनतीने, पुन्हा विस्तव करतात.

मला वाटते, दोन्ही परंपरांतला फरक दाखवणारी याहून चांगली जागा नाही. मोशेसमोरची आग कुणी पेटवलेली नाही, ती झुडपाला जाळत नाही आणि विझतही नाही. ती मोशेला नावाने हाक मारते, आणि पायातले जोडे काढायला लावते. नागसेनाची आग विझलेली आहे, ती कुणाला हाक मारत नाही. ऊब हवी असेल त्याने घासावे. बायबलमध्ये सान्निध्य शोधत येते, बौद्ध परंपरेत ते साधावे लागते. एकीकडे मुख, जे वळते आणि फिरते. दुसरीकडे पाऊल, जे दिशा सांगते. या दोन्हींना एकच अनुभव म्हणणे हे औदार्य वाटते. प्रत्यक्षात ते दोघांचेही न ऐकणे आहे.

रिकाम्या जागांची तुलना करतानाही हेच भान ठेवावे लागते. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पॉम्पी यरुशलेमेच्या परमपवित्रस्थानात घुसला. टॅसिटस लिहितो की आत कसलीच मूर्ती नव्हती. सांचीचे आसनही रिकामे. पण करूबांच्या पंखांमधली जागा रिकामी आहे कारण तिथे असणारा दाखवता येत नाही. बोधिवृक्षाखालचे आसन रिकामे आहे कारण तिथे बसलेला आता कुठे आहे हा प्रश्नच लागू पडत नाही. वच्छगोत्त या परिव्राजकाला बुद्धानेच विचारले होते की विझलेली आग कोणत्या दिशेला गेली.

आणि तरीही माणसाचे मन दोन्हीकडे सारखेच हट्टी. आजारी वक्कली भिक्षूला बुद्धाला पाहायचे आहे. बुद्ध येतो आणि म्हणतो की या नासणाऱ्या देहात काय पाहतोस. जो धम्माला पाहतो तो मला पाहतो. योहानाच्या शुभवर्तमानात थोमाला जखमांत बोट घालायचे आहे. येशू ते करू देतो, आणि मग न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना धन्य म्हणतो. एकाने देहावरून नजर उचलायला सांगितले, दुसऱ्याने देह पुढे केला. योहानाने सुरुवातीलाच शब्द देही होऊन आमच्यात राहिला असे सांगताना तंबू ठोकण्याचे क्रियापद वापरले आहे. वाळवंटातला निवासमंडप त्यामागे उभा आहे. त्याच पुढे केलेल्या देहावरून ख्रिस्ती जग पुढे भांडले. १५२९ साली मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंगली समोरासमोर बसले ते प्रभुभोजनातल्या 'आहे' या एका क्रियापदावरून: भाकर शरीर आहे, की शरीराची खूण आहे? ल्यूथरने खडूने ते शब्द मेजावर लिहून ठेवले होते. समेट झाला नाही.

आता माझ्याच मांडणीला अडचणीत आणणाऱ्या गोष्टी. प्रत्युत्पन्न-समाधी सूत्राचे चिनी भाषांतर लोकक्षेमाने १७९ साली केले. त्यात सांगितले आहे की सात दिवस, सात रात्री अमिताभाचे एकाग्रतेने स्मरण केले तर तो दिसतो. जागेपणी नाही तर स्वप्नात. म्हणजे बौद्ध परंपरेतही दर्शन आहे, मुख आहे. पण याच सूत्रातला साधक पुढे स्वतःला विचारतो, हा बुद्ध कुठून आला? मी कुठे गेलो? आणि उमगते ते असे, की कुणी आले नाही, कुणी गेले नाही, हे चित्ताने घडवले. याकोबाने जाग आल्यावर असे म्हटले असते तर बेथेलचे बेथेल झाले नसते.

जपानमध्ये गोष्ट आणखी पुढे गेली. गेनशिनचे 'ओजोयोशू' ९८५ सालचे. त्यातला मरणकाळचा विधी असा: बुद्धमूर्तीच्या हाताला पंचरंगी दोरा बांधायचा आणि त्याचे दुसरे टोक मरणाऱ्याच्या मुठीत द्यायचे. अमिताभ आपल्या परिवारासह ढगांवरून न्यायला येतो आहे अशी चित्रे त्या काळात पुष्कळ काढली गेली. इथे विझलेली आग नाही. इथे येणारा आहे, आणि मूठ तेवढी आवळून धरायची आहे. ज्यांना बौद्ध धम्म म्हणजे निव्वळ स्वप्रयत्न वाटतो त्यांनी हा दोरा नजरेसमोर ठेवावा. पुढे शिनरानने (११७३–१२६३) तर मरणघडीच्या आगमनाची वाट पाहण्याचीही गरज नाही असे शिकवले.

उलट बाजूचा नमुना आपल्याच किनाऱ्यावर आहे. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एक खडक आहे. कोकणातल्या बेने इस्रायली लोकांची श्रद्धा अशी की एलियाहू हनाबी, म्हणजे बायबलातला एलीया, रथासह तिथे येऊन गेला; खडकावरच्या खुणा त्याच्या. मलिद्याचा विधी करायला मंडळी तिथे जातात. गोड पोहे, खोबरे, फळे. एलीयाचा होरेबावरचा प्रसंग वाचलेल्यांना ठाऊक असेल: वारा, भूकंप, अग्नी सगळे होऊन जाते, त्यांत परमेश्वर नसतो, आणि मग बारीकशी शांतता. त्या एलीयाची कोकणातली आठवण मात्र दगडावर उमटलेल्या खुणेत आहे. मूर्ती न मानणाऱ्या परंपरेने, मूर्तींनी भरलेल्या मुलखात, पाऊल स्वीकारले. सांचीच्या शिल्पकाराला हे चटकन समजले असते.

मराठी मुलखात या प्रश्नाला दोन अगदी आधुनिक पानेही जोडली गेली आहेत. १९०५ च्या जूनमध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात प्रार्थनेची मोठी लाट आली. त्या वेळच्या नोंदीत आहे की पहाटे एका मुलीभोवती ज्वाळा दिसल्या म्हणून तिथली बाई पाण्याची बादली आणायला धावली, आणि जवळ गेल्यावर कळले की मुलगी जळत नाही. ही नोंद कशी वाचायची ते ज्याने त्याने ठरवावे. पण निर्गमातले झुडूप तिथल्या मुलींनी ऐकलेले होते, आणि कॅट्झ म्हणतात ते याहून स्पष्ट कुठे दिसेल?

दुसरे पान नागपूरचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी लाखोंसह जो धम्म घेतला त्यात अशा सान्निध्याला जागा नव्हती. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी ठासून मांडले की बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. त्याने आपल्या धम्मात स्वतःसाठी स्थान राखले नाही. ज्या समाजाला देवाच्या सान्निध्यापासून, म्हणजे देवळाच्या पायरीपासूनच, हाकलले गेले होते त्या समाजाच्या नेत्याने हे म्हणणे किती खोल आहे, हे धर्मांची तुलना करणाऱ्या पाश्चात्त्य ग्रंथांत क्वचितच येते. माणूस म्हणून ताठ उभे राहता यावे म्हणून सान्निध्य नाकारणे, हाही या प्रश्नाच्या इतिहासातला एक अनुभव आहे. आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर काय दिसते? आत आंबेडकरांच्या अस्थी, बाहेर शिवाजी पार्कवर पुस्तकांची दुकाने. रात्रभर रांगेत उभी राहिलेली माणसे अभिवादन करतात आणि परतताना पिशवीत पुस्तके घेऊन जातात. देह आणि धम्म, वक्कलीपुढे होते तेच दोन.

अस्थी वस्तू आहेत की व्यक्ती, हा प्रश्न जुना झालेला नाही. १८९८ साली पिप्रहवाच्या स्तूपात बुद्धाच्या म्हणून मानलेल्या अस्थी आणि त्यांच्यासोबत ठेवलेली रत्ने सापडली. अस्थी सयामच्या राजाला दिल्या गेल्या, रत्नांपैकी काही उत्खनन करणाऱ्या पेपे कुटुंबाकडे राहिली. ती मे २०२५ मध्ये हाँगकाँगमध्ये लिलावाला निघाली. भारत सरकारने कायदेशीर नोटीस दिली, लिलाव थांबला, आणि जुलैमध्ये रत्ने भारतात परतली. ती केवळ जडजवाहीर आहेत असे मानले तर बौद्धांच्या त्या संतापाचा अर्थ लागत नाही. शोपेनचे लिखाण हाताशी असेल तर लागतो.

एक शब्द मला या साऱ्या वाचनात पुन्हा पुन्हा अडवत राहिला: साक्षात्कार. मराठीत तो देवाचा होतो. पालीत त्याचेच रूप तिसऱ्या आर्यसत्याला लावले आहे: दुःखाचा निरोध 'सच्छिकातब्ब', साक्षात करायचा आहे. तिथे साक्षात होते ते थांबणे, निवणे. कुणी समोर येणे नाही. रोजच्या वंदनेत धम्माला लावलेले 'एहिपस्सिको' हे विशेषणही असेच: ये आणि पाहा. योहानाच्या पहिल्या अध्यायात येशूही आपल्या पहिल्या शिष्यांना या आणि पाहा असेच सांगतो. शब्द तेच, पण तिथे तो राहतो ते घर पाहायचे आहे, आणि इथे धम्म.

दोन्ही बाजूंना पाय ठेवलेला एक माणूस सांगून थांबतो. थॉमस मर्टन हा ट्रॅपिस्ट पंथाचा अमेरिकी ख्रिस्ती साधू १९६८ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला श्रीलंकेत पोलोन्नरुवाला गेला. गल विहारात खडकात कोरलेल्या बुद्धाच्या प्रचंड मूर्ती आहेत. सोबतचे ख्रिस्ती पुरोहित मागेच थांबले, त्यांना जवळ जायचे नव्हते. मर्टन ओल्या गवतातून, ओल्या वाळूतून अनवाणी पुढे गेला. त्याच्या रोजनिशीत थरकाप नाही, हाक नाही. कोड्याचे कोडेपण सरले, सगळे लख्ख झाले, इतकेच तो सांगतो, आणि आपण आशियात शोधत आलो होतो ते हेच असे म्हणतो. ट्रॅपिस्ट साधूने बुद्धासमोर मोशेसारखे जोडे काढले. पण तिथे जे पाहिले त्याला मोशेची भाषा लावली नाही. तुलना करणाऱ्याने एवढे जरी पाळले तरी पुष्कळ. १० डिसेंबरला बँकॉकजवळ तो अपघाती वारला.

हा विषय इंग्रजीतूनच वाचावा लागतो असा समज आहे, तो खरा नाही. पिंगियाचे बोलणे मराठीत आहे. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी सुत्तनिपात पालीतून मराठीत आणला. मोशेची कपार मराठीत आहे. पंडिता रमाबाईंनी त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत केले, आणि त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, ते छापून झाले. पारायणवग्गाचा शेवट आणि निर्गमाचा तेहतिसावा अध्याय, दोन्ही मिळून तासाभराचे वाचन आहे. ते एकाच बैठकीत करावे, एवढी विनंती.